परहेज एकटीनेच का पाळायचं?

‘आता दोघांचं खायचं हं!’ घरातल्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं की हे वाक्य आधी सासूच्या तोंडून येतं, मग नणंदेच्या, मग शेजारच्या खालाच्या. त्यामागे माया असते, यात शंका नाही. शिरा होतो, दुधात खजूर पडतो, आखातातून सुट्टीवर आलेल्या दिराच्या बॅगेतून टँगचा डबा आणि चॉकलेटं निघतात, सातव्या महिन्याच्या कार्यक्रमाला ताटं भरून मिठाई येते. आणि मग एखाद्या तपासणीत डॉक्टर सांगतात, ‘शुगर निघाली आहे.’ त्या दिवसापासून घराचा सूर बदलतो. ‘तूच गोड खात होतीस.’ ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ कालपर्यंत आग्रह करून भरवणारे हात आज तिच्या पुढ्यातली वाटी उचलतात. घरासाठी नेहमीचा भात, नेहमीचं तळण. तिच्यासाठी वेगळं पातेलं, बेचव भाजी आणि एक शब्द : परहेज.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे असे शब्द कानाला अडतात. परहेज हा फारसीतून आलेला शब्द. उर्दूत परहेजगार म्हणजे स्वतःला आवरणारा, अल्लाहचं भय बाळगून वागणारा माणूस. मराठीत त्याला पथ्य म्हणतात आणि त्याचं नातं ‘पथ’ म्हणजे वाटेशी आहे. जे वाटेला धरून आहे ते पथ्य. एका भाषेने त्यात संयम पाहिला, दुसरीने वाट पाहिली. आपण घराघरांत त्याची शिक्षा करून टाकली, आणि तीही घरातल्या एकाच माणसाला.

गरोदरपणातला मधुमेह आणि आपला आहार यांच्या नात्याबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच कळलं आहे. त्यातून जे दिसतं ते साधं आहे : हा आजार एका बाईच्या गोड खाण्याने होत नाही. घराची थाळी वर्षानुवर्षं कशी भरली जाते, याचा त्यात मोठा वाटा असतो. म्हणून परहेज पाळायचं तर ते घराने पाळायला हवं.

साखर वाढते कशी?

गरोदरपणात वारेतून काही संप्रेरकं रक्तात येतात. त्यांच्यामुळे आईच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. ही निसर्गाचीच योजना आहे, कारण त्यामुळे जेवणातली साखर आईच्या रक्तात थोडी जास्त वेळ राहते आणि बाळाला मिळते. आईचं स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळतं. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला हा वाढीव भार पेलत नाही, तिच्या रक्तातली साखर वाढते. साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर हा ताण ठळक होतो.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवू लागतं. बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अवघड होतं, आणि जन्मल्यावर नाळ तुटली की त्याच जादा इन्सुलिनमुळे बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. आईसाठी रक्तदाबाचा धोका वाढतो. बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची पूर्ववत होते, पण पुढच्या आयुष्यात त्यांना कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सात ते दहा पट असते. म्हणजे ‘बाळंत झाली, सुटली’ असं इथे नसतं.

राखेखालचा निखारा

आता आहाराकडे येऊ. बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा शरीराचा बचाव असतो. काम झालं की सूज उतरते. पण दुसरी एक सूज असते, मंद, अंगभर पसरलेली, न दुखणारी. चूल विझल्यासारखी दिसते पण राखेखाली निखारा धुमसत असतो, तशी. पोटाभोवती साचलेली चरबी अशी सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांमध्ये दाखवलं की टीएनएफ-अल्फा नावाचं असं एक रसायन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं. २००२ मध्ये गरोदर स्त्रियांवरच्या एका लहानशा अभ्यासात दिसलं की इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण वारेतल्या संप्रेरकांपेक्षाही या टीएनएफ-अल्फाशी अधिक जुळतं.

गरोदरपण हा आधीच इन्सुलिनच्या परीक्षेचा काळ. त्यात ही धुमसती सूज असेल तर परीक्षा आणखी अवघड होते. ही सूज वाढवण्यात आणि उतरवण्यात अन्नाचा हात असतो. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात डॉ. नितीन शिवप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आहाराचा ‘दाह निर्देशांक’ मांडला. त्यात ४५ घटकांना गुण दिलेले आहेत. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी, संपृक्त चरबी, जादा पिष्टमय पदार्थ हे सूज वाढवणाऱ्या बाजूला. तंतुमय पदार्थ, माशातली ओमेगा-३ चरबी, मॅग्नेशियम, जीवनसत्त्वं हे उतरवणाऱ्या बाजूला. या यादीत कांदा, लसूण, आलं, मिरी, हळद आणि केशरही आहे. आपल्या मसाल्याच्या डब्याची अशी दखल घेतलेली पाहून बरं वाटतं. पण चिमूटभर हळद टाकून वनस्पती तुपातलं तळण माफ होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या निर्देशांकाचा आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत संबंध स्पष्ट दिसला, काहींत नाही. त्यामुळे ‘दाहविरोधी’ अशी चिठ्ठी लावलेली पावडर किंवा काढा कोणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवावं. निर्देशांकाचे गुण बाजूला ठेवले तरी त्या यादीतल्या पदार्थांबद्दल वेगळा, मोठा पुरावा आहे. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या आहाराची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की गरोदर राहण्यापूर्वी ज्यांच्या जेवणात तंतुमय पदार्थ जास्त, त्यांना हा मधुमेह कमी. रोजच्या दहा ग्रॅम वाढीमागे धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी. बाहेरचं तळलेलं, साखरेची पेयं, लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस ज्यांच्या ताटात वारंवार, त्यांना जास्त.

मुंबईतला समोसा

परदेशातल्या परिचारिकांचं आम्हाला काय, असं कोणी म्हणेल. तर मग आपल्या मुंबईकडे पाहू. २००६ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. ‘सरस’ हे त्याचं नाव. डॉ. रमेश पोतदार, इंग्लंडच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. लग्न झालेल्या पण अजून दिवस न गेलेल्या साडेसहा हजार स्त्रिया त्यात सामील झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन्ही गटांना रोज एक खाऊ द्यायचा, समोशा-भज्यांसारखा, रस्त्यावर मिळतो तशा रूपाचा. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषक भाज्या. गरोदर राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत हा खाऊ चालू.

२०१६ मध्ये या प्रयोगातला मधुमेहाचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्या सुमारे हजार गरोदर स्त्रियांनी साखरेची तपासणी करून घेतली, त्यांच्यात बटाट्याच्या खाऊच्या गटात १२.४ टक्के जणींना गरोदरपणातला मधुमेह निघाला. पालेभाजी, फळं, दुधाच्या गटात ७.३ टक्के. तपासणीला पात्र असलेल्यांपैकी निम्म्याच आल्या, ही त्या निकालाची मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवायला हवी. तरीही रोजच्या एका खाऊने एवढा फरक पडावा, हे थक्क करणारं आहे. त्या स्त्रियांच्या घरचं जेवण बदललेलं नव्हतं. त्यांचं उत्पन्न वाढलेलं नव्हतं. कोणतीही महागडी गोळी नव्हती.

मला यातला आकड्यापेक्षाही कामाचा धडा वाटतो तो वेगळा. कोणी त्या बायकांना ‘पालेभाज्या खा’ असं व्याख्यान दिलं नाही. त्यांच्या हातात पालेभाजी दिली, त्यांना आवडेल अशा रूपात, आणि ती त्यांच्याच पोटात जाईल याची सोय केली. आणि हे दिवस जाण्याआधी सुरू केलं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं : व्याख्यान भरपूर, भाजी कमी, आणि तेही शुगर निघाल्यावर.

बारीक अंगाचा भ्रम

‘पण ती तर बारीक आहे, तिला कुठून शुगर होणार?’ हा दुसरा नेहमीचा सवाल. आणि तिसरा, ‘आपल्या बायका अशक्त, रक्त कमी, त्यांना खायला घालायचं की तोडायचं?’ रक्त कमी हे खरंच आहे; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण अशक्तपणा आणि मधुमेह ही एकमेकांविरुद्धची टोकं नाहीत, हे पुण्याने जगाला शिकवलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने खूप हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, तिकडे ३.५ किलो. पण हलक्या बाळांच्या अंगावरची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती; कमी होतं ते स्नायूंचं मांस. दिसायला बारीक, आतून चरबीदार. डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचंच उदाहरण जगापुढे ठेवलं : त्यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली बारीक सूनही या हिशोबात येते. आणि त्याच सहा गावांत, ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार घेत होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी भरली. पुण्याच्या गावांनी आणि मुंबईच्या वस्त्यांनी एकाच टोपलीकडे बोट दाखवलं.

आपल्या थाळीचं काय झालं?

जिते हे पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचं गाव, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. इकडे पेणचा खारेपाट, तिकडे रोह्याकडची भातशेती. या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांच्या घरात एकेकाळी काय शिजत होतं ते आठवा. खाडीची ताजी मासळी, बांगडा, तारली, बोंबील. वालाचं बिरडं. नाचणीची भाकरी. माठ, शेवगा, पावसाळ्यातल्या रानभाज्या. कोकमाचं सार. लसूण आणि कांदा तर प्रत्येक पातेल्यात. दाह निर्देशांकाच्या यादीतली चांगली बाजू न शिकताच त्या चुलीवर होती.

जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. तांदूळ तेव्हाही भरपूर खाल्ला जायचा. पण तो पुष्कळदा हातसडीचा असायचा आणि खाणारी बाई दिवसभर चिखलात वाकून लावणी करायची. शेत गेलं, घरातली माणसं कंपनीत किंवा आखातात गेली. भात मात्र तेवढाच राहिला, तोही पांढराशुभ्र पॉलिश केलेला. सकाळी चहात बुडवून खारी आणि टोस्ट, दुपारी डोंगराएवढा भात, संध्याकाळी वडापाव किंवा समोसा, रात्री पुन्हा भात. पाहुणा आला की कोल्ड्रिंकची बाटली फुटते. कोकम सरबत दिलं तर कमीपणा वाटतो. नाचणी ‘गरिबांचं धान्य’ म्हणून गेली आणि आता शहरात महाग पाकिटात परत आली. बेकरीच्या वनस्पती तुपाबाबत सरकारनेही हात घातला. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीला दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलावर घरात कोण मर्यादा घालणार?

आणि या थाळीतही सुनेचा वाटा कोणता? आधी मर्द जेवतात, मग मुलं, मग सासू. तिची पाळी येते तेव्हा कालवणात मासळीचे तुकडे संपलेले असतात. उरतो भात आणि रस्सा. भाजी असली तर पातेल्याच्या तळाची. म्हणजे तिच्या ताटात पिष्टमय पदार्थ जास्त, प्रथिनं आणि तंतू कमी. हे ताट तिने निवडलेलं नसतं. आपल्याकडे बाजाराची पिशवी बहुतेक घरात पुरुष भरतो. पिशवीत माठाची जुडी आणि पेरू आले नाहीत, तर ते तिच्या ताटात येणार कुठून? म्हणून शुगर निघाली की प्रश्न ‘तू काय खाल्लंस?’ असा विचारू नये. ‘आपण तिला काय वाढलं?’ असा विचारावा.

मटणाची गोष्ट

आपल्या समाजात आहाराचा विषय निघाला की दोन बाजूंनी आवाज होतो. बाहेरचे काही जण म्हणतात, मांस खाता म्हणून आजारी पडता. त्यावर आपण चिडतो आणि मटणाच्या बाजूने जिहादच पुकारतो. दोन्हींत बाईच्या तब्येतीचा विचार नसतो. लाल मांसाचं प्रमाण जास्त असेल तर धोका वाढतो, असं अभ्यास सांगतात. पण शाकाहारी घरातली साबुदाणा, मैदा, साखर, फरसाण यांची थाळीही तितकीच बिघडलेली असू शकते. शिवाय मासळी-अंड्यांतून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व शाकाहारात मिळणं अवघड. तो आपल्या जेवणाचा फायदा आहे. तेव्हा मटण हराम करायची गरज नाही. ते आठवड्यात किती वेळा, किती तेलात, आणि सोबत भाजीची वाटी आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. सुकट-जवळा चांगला, पण मिठाचा भार ओळखून. रक्तदाब असलेल्या बाईने तो जपूनच खावा.

रोजा, खजूर आणि इन्सुलिन

दीनच्या नावाने काही गैरसमज आपल्या घरात फिरतात, त्यांबद्दलही बोललं पाहिजे.

पहिला रोजाचा. कुरआनने आजारी माणसाला रोजाची सवलत दिली आहे आणि हदीसमध्ये गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला सवलत आली आहे. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मसलकचे. कझा कधी, फिदया कधी, याचे तपशील जाणत्या आलिमांना विचारावेत. पण सवलत आहे, यात वाद नाही. रमजानमधल्या मधुमेहासाठीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेत साखर ताब्यात नसलेल्या गरोदर स्त्रीला जास्त जोखमीच्या गटात धरलं आहे. दिवसभर पोट रिकामं आणि इफ्तारला शरबत, भजी, फालुदा एकदम, हे तिच्या शरीराला झेपत नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिने रोजा धरला, तर त्यातला सवाब कोणता?

दुसरा खजुराचा. सूरह मरियममध्ये प्रसूतीच्या कळा आणि खजुराचं झाड यांचा उल्लेख आहे, म्हणून खजुराला आपल्याकडे मान आहे आणि तो असावाही. पण शुगर निघालेल्या बाईला मूठ-मूठ खजूर खाऊ घालणं हा त्या मानाचा अर्थ नव्हे. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्यातल्या अतिरेकाला मनाई आहे, तेही त्याच कुरआनात आहे. किती चालेल हे डॉक्टर सांगतील.

तिसरा इन्सुलिनचा. ‘ते डुकरापासून करतात’ असं अजूनही ऐकू येतं. एकेकाळी गुरं आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत असत, हे खरं. पण १९८२ पासून प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं आणि आज सर्रास तेच वापरलं जातं. ते वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे बाळाला त्याची ‘सवय’ लागण्याचा प्रश्नच नाही. आहाराने भागलं नाही आणि डॉक्टरांनी सुई सांगितली, तर ती नाकारून बाळाला रोज जादा साखर पाजू नये.

ग्लासभर पाणी आणि दोन तास

या मधुमेहाला लक्षणं बहुधा नसतात, म्हणून तपासणीला पर्याय नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आपल्या देशाला परवडेल, जमेल अशी पद्धत रूढ केली. बाई उपाशी असो की जेवून आलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं. १४० किंवा त्याहून अधिक आलं तर गरोदरपणातला मधुमेह. लांबून एसटीने आलेल्या बाईला उपाशी यायला लागू नये, हा त्यामागचा विचार. केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत हीच पद्धत आहे : पहिल्या भेटीतच तपासणी, आणि ठीक निघाली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. शेषय्यांचा जन्मदिवस, १० मार्च, देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. आशाताईंना विचारलं तर त्या वेळ आणि जागा सांगतात.

निघाली तर? मार्गदर्शिका आधी आहार आणि हालचाल सांगते. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली तर तेच चालू ठेवायचं. नाही आली तर औषध. म्हणजे पुष्कळ बायकांचं काम थाळीनेच भागू शकतं. पण इथे लपवालपवी आडवी येते. माहेरचे सांगत नाहीत, सासरचे ऐकत नाहीत, ‘शुगरवाली’ असा शिक्का धाकट्या बहिणीच्या स्थळाला नडेल अशी भीती असते. लपवलेल्या आजाराचं परहेज कोण करणार?

घराने काय करावं?

यादी मोठी नाही. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक व्हावा. तिचं वेगळं पातेलं बंद. भाताचा डोंगर निम्मा करून त्या जागी भाजी आणि वाल, मटकी किंवा डाळ. आठवड्यातून दोन-तीनदा मासळी, तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात. भाकरी कधी नाचणीची, कधी ज्वारीची. खारी-टोस्टऐवजी मूठभर शेंगदाणे-चणे किंवा एक पेरू. शरबत आणि कोल्ड्रिंक घरातच आणायचं नाही. नसलं की कोणी मागत नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, आणि तिच्याबरोबर नवऱ्याने चालायचं. तिने उपाशी राहायचं नाही, वेळेवर थोडं थोडं खायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, गरोदर बाईने घरात सर्वांआधी जेवायचं. एवढी एक सवय लागली तरी तिच्या ताटात मासळीचा तुकडा येईल.

बाळंतपण झालं की अछवानी, डिंकाचे लाडू, हलीमची खीर सुरू होते. गूळ-तुपाचा हात तिच्यासाठी आवरायला हवा. सहा आठवड्यांनी पुन्हा तीच ग्लुकोजची तपासणी करून घ्यायची, आणि पुढे दरवर्षी. चाळीस दिवस घराबाहेर न पडणारी बाई या तपासणीला जात नाही आणि मग पाच-सात वर्षांनी कायमचा मधुमेह घेऊन दवाखान्यात येते. अंगावर पाजणं बाळासाठी जसं चांगलं, तसं तिच्यासाठीही. जास्त काळ पाजणाऱ्या आयांमध्ये पुढे मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं आहे.

मुंबईच्या त्या प्रयोगाचा खाऊ दिवस जाण्याआधी सुरू झाला होता, हे विसरू नये. म्हणजे ही गोष्ट सुनेपासून सुरू होत नाही. आज आठवी-नववीत बसणारी मुलगी मधल्या सुट्टीत कुरकुऱ्यांचं पाकीट फोडते आणि घरी भावाआधी तिला जेवायला मिळत नाही, तिथून ती सुरू होते. जुम्याच्या बयानात खतीब साहेबांनी वर्षातून एकदा तरी यावर बोलावं, कारण बाजाराची पिशवी भरणारे तिथेच बसलेले असतात. नमाजनंतर भाजीच्या गाडीपाशी थांबून त्यांनी माठाची एक जुडी जास्त घेतली, तर त्या घरातलं परहेज सुरू झालं म्हणायचं.